‘क’ देणारे साहेब

साहेब शाळेला भेट द्यायला यायचे ते मोटारसायकल खालीच बंद करून. वाडीच्या अलीकडे, चढ लागतो तिथे एक जांभळाचं झाड आहे. त्याच्याखाली गाडी लावायची आणि तिथेच उभं राहायचं. वर यायचं नाही, हाक मारायची नाही. नुसतं उभं, मान जराशी तिरकी करून. पहिल्यांदा खिडकीतून हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, उन्हानं चक्कर आली की काय या माणसाला! एका मुलीला पाण्याचा तांब्या देऊन पिटाळलं. ती तशीच भरला तांब्या घेऊन परत आली. म्हणाली, “बाई, ते बोलले, थांब जरा, ऐकतोय.”

ते शाळा ऐकत होते. नंतर वर आल्यावर, कपाळाचा घाम पुसत मला म्हणाले, “चिडीचूप शाळा म्हणजे मयताचं घर, बाई. पोरं असलेल्या घरातनं आवाज आलाच पाहिजे.” पण कुठलाही आवाज त्यांना चालायचा असं नाही हं. पाढे एका सुरात येत असले की म्हणायचे, “हे भजन झालं.” गुरुजींचा एकट्याचाच आवाज येत असला तर, “हे कीर्तन.” आणि आतून पोरांच्या भांडणाचा आवाज आला की स्वारी खूश. कोणाला तरी काहीतरी म्हणायचंय, एवढं त्यांना पुरायचं.

साहेब आमचे केंद्रप्रमुख. म्हणजे आसपासच्या दहा-पंधरा जिल्हा परिषदेच्या शाळांवर देखरेख करणारा माणूस. शाळा कशी चालली आहे ते पाहायचं आणि वर कळवायचं, हे त्यांचं काम. शाळांचं मूल्यांकन व्हायचं, त्यात अ, ब, क, ड अशा श्रेणी असायच्या. बाकीचे केंद्रप्रमुख सरसकट ‘अ’ देऊन चहा पिऊन निघून जायचे. आमचे साहेब ‘क’ द्यायचे. कधीमधी ‘ब’. म्हणून सगळे शिक्षक त्यांना पाठीमागे ‘क-साहेब’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. वाटलं असतं तर बरं झालं असतं, असं मी आज म्हणते.

माझी शाळा कशेळ्याच्या पुढे, जीप सोडून बरंच चालल्यावर, डोंगराच्या पोटाशी असलेल्या ठाकरवाडीत. वाडीचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोग काय, शोधत गेलात तरी शाळा सापडणार नाही. पहिली ते चौथी, सगळे वर्ग एकाच खोलीत, आणि शिकवायला मी एकटी. कागदावर आम्ही दोन शिक्षक होतो. दुसऱ्या गुरुजींना मी कधी पाहिलं नाही. त्यांची नेमणूक म्हणे कुठल्याशा ऑफिसात ‘तात्पुरती’ झाली होती, ती माझ्या आधीपासून तात्पुरतीच होती.

साहेब निघाले की आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच खबर फिरायची. उघड कसं लिहिणार, म्हणून एकानं खूण ठरवली होती: “ढग आलेत.” मग ज्याची शाळा वाटेवर असेल त्याची धावपळ. तक्ते टांगा, पोरांची नखं बघा, संडासाचं कुलूप काढा. एकदा भर उन्हाळ्यात हा निरोप फिरला आणि साहेब नेमके एका गुरुजींच्या शेजारी उभे होते, गुरुजींचा फोन टेबलावर उताणा. साहेबांनी वाचलं, बाहेर आभाळाकडे पाहिलं, म्हणाले, “गुरुजी, छत्री आणलीय ना?” बस, एवढंच. पण गुरुजींना त्या दिवशी भाकरी गोड लागली नसेल.

खुर्चीवर ते बसायचे नाहीत. पोरांच्या मागे, भिंतीला टेकून, मांडी घालून बसायचे. तिथून त्यांना पोराचं डोकं दिसायचं. एखाद्याला काही विचारलं, की ते उत्तराकडे लक्षच द्यायचे नाहीत. पोरगं उत्तर द्यायच्या आधी कुठे बघतं ते बघायचे. “आधी बाईंच्या तोंडाकडं बघितलं की समजायचं, पोरगं शिकत नाही, बाईंना सांभाळतंय,” हे त्यांचं म्हणणं. खाली डांबरी रस्त्यावर एक मोठी शाळा आहे. रंगरंगोटी, प्रवेशद्वार, दारात कुंड्या. तिथल्या मुख्याध्यापकांनी साहेबांसाठी पोरांची महिनाभर तयारी करून घेतली होती. साहेबांनी पहिल्याच मुलाला विचारलं, “तुझं नाव काय रं?” त्यानं मुख्याध्यापकांकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “सात साती एकोणपन्नास!” साहेब हसले नाहीत. त्या मुलाला जवळ घेऊन बसले, आणि पुष्कळ वेळ काही विचारलंच नाही. त्या शाळेलाही ‘क’ मिळाला. मुख्याध्यापक मात्र जाऊन वरच्यांना भेटून आले आणि त्यांचा ‘अ’ झाला. कसा झाला ते मला विचारू नका.

त्यांची आणखी एक खोड होती. फळ्यावर मुद्दाम चुकीचं काहीतरी लिहायचे आणि खडू ठेवून वाट बघत बसायचे. शाळेत कोणी चूक म्हणून सांगायला उठलं तर ठीक, नाही उठलं तर त्यांचा चेहरा पडायचा. माझ्या शाळेत त्यांनी चौतीस आणि अठ्ठावीसची बेरीज बावन्न लिहिली. सगळी पोरं गप्प. मोठे साहेब, गावाबाहेरचे, पायात बूट. त्यांना कोण सांगणार! तेवढ्यात तिसरीतली सानिका उठली. काटकुळी, फ्रॉकची पाठ उसवलेली, नाकात चमकी. सरळ फळ्याजवळ गेली, साहेबांच्या हातातलं डस्टर ओढून घेतलं आणि बावन्न पुसून टाकले. म्हणाली, “साहेब, हातचा इसरला तुमी. आसं घाईघाईनं नाय करायचं.”

साहेब इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग मागचीही पोरं हसली, मग सगळ्यांनाच बोलायला तोंड फुटलं. कोण म्हणे मलापन येत व्हतं, कोण म्हणे मी सांगनारच व्हतो. मला वाटलं, चला, यंदा निदान ‘ब’ पडला. कसलं काय! जाताना शेरा लिहिला, श्रेणी ‘क’.

मी तडकलेच. तडकते मी, तो माझा स्वभावच आहे. म्हटलं, “साहेब, त्या पोरीनं तुमची चूक काढली, ती दिसली नाही का तुम्हाला?”

“दिसली. म्हणून तर हसलो.”

“मग?”

“एक पोर म्हणजे शाळा नव्हे, बाई. पहिलीची पोरं अजून अक्षरांपाशीच अडलीत. दुसरीला वजाबाकी येत नाही. खोटं आहे का?”

“खोटं कशाला असेल! चार वर्ग, मी एकटी. त्यात तांदूळ मोजा, खिचडी बघा, मोबाईलवर माहिती भरा. नेटवर्क नाही म्हणून जांभळाखाली जाऊन उभी राहते मी. पहिलीला शिकवायला हात कुठनं आणू?”

“तेच लिहिलंय,” साहेब शांतपणे म्हणाले. “हा ‘क’ तुम्हाला नाही, बाई. वर बसलेल्यांना दिलाय. सगळं छान आहे म्हणून लिहिलं तर दुसरा शिक्षक कोण कशाला देईल?”

त्यांचा यावर विश्वास होता, आणि त्याला कारणही होतं. साहेब कुंभिवलीच्या बाजूचे. वडील रसायनीला कारखान्यात, आणि हे शिकले ते जिल्हा परिषदेच्याच शाळेत. नोकरीच्या सुरुवातीला खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत ते एकटे होते, छप्पर गळकं, पोरं पुष्कळ. तेव्हाच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी स्पष्ट लिहिलं, की इथे मुलं काही शिकत नाहीत, कारण शिकवायला माणूस नाही. आणि खरोखरच त्या वर्षी दुसरा गुरुजी आला, पत्रे आले. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती, की मध्येच ते थांबले तर आम्ही पुढचं सांगितलं असतं. एक खरं लिहिलेलं वाक्य काय करू शकतं, याचा त्यांनी तरुणपणी चमत्कारच पाहिला होता म्हणा ना. तो त्यांच्या अंगातून कधी उतरला नाही.

मी म्हणायचे, “साहेब, ते दिवस वेगळे. तेव्हा वर वाचणारी माणसं होती. आता मोजणारी आहेत.” ते म्हणायचे, “बाई, तुम्ही फार कडू बोलता.”

सानिकाच्या आईचं नाव सोमी. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची ती अध्यक्ष होती. म्हणजे दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं म्हणून झाली होती. शेतात लावणीला जायची, रानातून करवंदं, आळवं, शेवळं आणून कशेळ्याच्या बाजारात बसायची. तिच्या नवऱ्याला खालच्या एका फार्महाऊसवर राखणदारीचं काम चालून आलं होतं. मुंबईवाल्यांचा बंगला, मागे राहायला खोली, दोघांना काम. नवरा एका पायावर तयार. सोमी हलायला तयार नाही. “पोरीची शाळा हितं हाय,” एवढंच तिचं. खालच्या मोठ्या शाळेत का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “बाई, वाडीतली जी पोरगी खाली धाडली ती घरी बसली. वढा हाय, रान हाय, आन् खालची पोरं आमच्या बोलन्याला हसत्यात. हितं हाय तवर शिकंल. माझ्या पोरीनं दुसऱ्याच्या घरात राबायचं नाय, बगा.” शाळा वाडीत होती म्हणून सोमी वाडीत होती. इतकं सरळ होतं ते.

मग ते मोठं मूल्यांकन आलं. कमी पटाच्या शाळांची माहिती वरून मागवली होती. पट म्हणजे मुलांची संख्या. आमचा पट कमीच, वाडीच तेवढी. आजूबाजूच्या केंद्रांमध्ये धडाधड ‘अ’ पडत होते, कारण वारं कुठलं वाहतंय ते लोकांना समजलं होतं. मी साहेबांना म्हटलं, “या वेळी जपून लिहा. मला लक्षणं बरी दिसत नाहीत.” त्यांनी ऐकून घेतलं. पण साहेबांची पद्धत अशी, की जे लिहायचं ते पालकांना आधी सांगायचं. शाळेच्या पडवीत सगळी जमली. बाया लेकरं घेऊन, पुरुष मागे उकिडवे.

“मी ‘क’ लिहिणार आहे,” साहेबांनी सांगून टाकलं.

“म्हंजे नापासच ना?” सोमीनं विचारलं.

“हो. पण पोरं नापास नाहीत, बाईही नाहीत. तुमच्या पोरांना मास्तर न देणारे नापास. हे वाचलं की त्यांना मास्तर द्यावाच लागेल.”

“आन् नाय दिला तर?”

“द्यावाच लागतो. मी दिलेला बघितलाय.” आणि मग ती खालापूरची गोष्ट, गळक्या छपरासकट. माणसं ऐकत राहिली. साहेब सांगायचे फार छान. सोमी थोडा वेळ पदराशी चाळा करत बसली, मग म्हणाली, “तुमी खोटं नाय बोलायचे. लिवा मग.” बाकीच्यांनी माना हलवल्या. मी एकटीनं मान हलवली नाही. बोलायचं ते आधीच बोलून झालं होतं.

पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. आदेश आला. पट कमी, गुणवत्ता असमाधानकारक, सबब ही शाळा बंद करून मुलांचं रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत समायोजन करण्यात येत आहे. त्याच, सात साती एकोणपन्नासवाल्या. मुलांसाठी गाडीची सोय करण्यात येईल, असंही होतं खाली.

आदेश पोस्टानं पाठवता आला असता, शिपायाबरोबर देता आला असता. साहेब स्वतः घेऊन आले. पुन्हा त्याच पडवीत सगळ्यांना बोलावलं आणि उभं राहून वाचला. मधे एक ओळ होती, “केंद्रप्रमुख यांच्या अहवालानुसार”. ती गाळता आली असती; कोण तपासणार होतं! त्यांनी ती वाचली, आणि वर म्हणाले, “केंद्रप्रमुख म्हणजे मी.”

कोणी ओरडलं नाही. मला वाटतं, ओरडायला पाहिजे होतं. एक म्हातारा उठून गेला, त्याच्या मागे दुसरा. सोमी बसून राहिली. तिनं विचारलं, “मास्तर नाय येनार मग?”

“मी जातो,” साहेब म्हणाले. “मी वर जाऊन बोलतो.”

आणि गेले की! एकदा नाही, सारखे जात राहिले. सकाळी वरच्या ऑफिसात जाऊन बाहेरच्या बाकड्यावर बसायचे. आत बोलावलं तर एकच उत्तर, “अहो साहेब, आम्ही कुठे काय म्हणतोय, तुम्हीच लिहिलंय ना?” त्यांनी लिहिलेलं सगळं खरं होतं आणि ते सगळं आता त्यांच्याच तोंडावर फेकलं जात होतं. शाळेत शिकवायला माणूस नाही, या वाक्याचा अर्थ माणूस द्या असा न होता शाळा काढा असा होऊ शकतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. अहो, कोणाच्या येईल? घरात पोर आजारी आहे म्हणून सांगितलं तर डॉक्टर बोलावतात, पोराला उचलून शेजारी नेऊन टाकत नाहीत.

मग कोणीतरी त्यांना वाट सुचवली, फेरतपासणी करा. आदेश अमलात यायच्या आत नवा अहवाल द्या. साहेब आले. या वेळी जांभळाखाली थांबले नाहीत, थेट वर आले. पोरांना काही विचारलं नाही, फळ्यावर काही लिहिलं नाही. मला म्हणाले, “बाई, जरा बाहेर थांबता?” मी दारातूनच पाहत होते. कडू औषध पिणाऱ्या पोरासारखं तोंड करून त्यांनी लिहिलं. सगळी मुले प्रगत. सर्व विषय समाधानकारक. श्रेणी ‘अ’. मग पेन खिशाला लावलं, ते नीट लागेना, खाली पडलं. मीच उचलून दिलं.

तो ‘अ’ कोणी घेतला नाही. थोड्याच दिवसांपूर्वी ‘क’ देणाऱ्या माणसाला आता ‘अ’ कसा दिसला, अशी कोणती जादू झाली, म्हणून उलट त्यांनाच नोटीस आली: खोटा अहवाल दिल्याबद्दल खुलासा करावा. आमच्या भागात वर्षानुवर्षं खोटे अहवाल लिहून कित्येक जण सुखानं निवृत्त झाले. पकडला गेला तो एकटा हा माणूस, आयुष्यातल्या पहिल्या खोट्याला. संताप येतो मला, अजून येतो. शिक्षकांच्या ग्रुपवर मात्र त्या दिवशी हसण्याची चिन्हं पडली. मी त्या ग्रुपातून बाहेर पडले.

शाळेला कुलूप लागलं. मला खालापूरकडच्या एका शाळेत पाठवलं. मुलांची गाडी काही दिवस आली, मग तिच्या ड्रायव्हरला परवडेना, मग आलीच नाही. पावसात ओढा भरला. मोठ्या शाळेत वाडीच्या पोरांना मागे बसवलं होतं. एकेक करत ती यायची थांबली, आणि कोणाला पत्ताही लागला नाही. पटावर त्यांची नावं आहेत, हजेरीसुद्धा लागत असेल. सोमी फोनवर म्हणाली, “मी सोत्ता नेऊन सोडत व्हते बाई. पन लावनीच्या दिसांत कशी नेनार?” पुढे तिच्या नवऱ्यानं फार्महाऊसचं काम धरलं. या वेळी तिच्याकडे नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. वाडीतलं घर बंद करून तिघं खाली राहायला गेली.

साहेब त्याच सुमाराला निवृत्त झाले. नोटिशीचं घोंगडं अजून भिजत पडलेलं, म्हणून निरोप समारंभ नाही, शाल नाही, नारळ नाही. तसं बघितलं तर ते त्यांना आवडलंच असतं. त्यांना भाषणांचा तिटकारा. पण मिळालं नाही आणि नको म्हटलं, यात फरक असतो ना. मी दोन-तीन जणींना म्हटलं, आपण घरी जाऊन भेटू. त्या म्हणाल्या, “बघू गं.” मी एकटीच गेले. अंगणात ते लुंगीवर बसले होते, पूर्वीपेक्षा बारीक. म्हणाले, “सानिका कुठल्या फार्मवर आहे, ठाऊक आहे का?”

आम्ही एका रविवारी गेलो. मोठं लोखंडी गेट, आत हिरवळ, पोहायचा तलाव, गाणी मोठ्यानं लागलेली. पाहुणे आले होते. राखणदार म्हणजे सोमीचा नवराच. आम्हाला बघून तो इतका कानकोंडा झाला, की गेट उघडायचंही सुचेना त्याला. सोमी आत स्वयंपाकात होती. थोड्या वेळानं सानिका आली. कडेवर कोणाचं तरी गोरंगोमटं पोर, तिच्या अंगाला जड होईल असं, आणि हातात त्याची बाटली. उंच झाली होती. आम्हाला बघून तिचा चेहरा असा फुलला, की मला बघवेना.

“साहेब!” ती गेटच्या गजांना येऊन चिकटली. “शाळा उगडली?”

साहेबांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता सांगतील. हा माणूस सांगणारच, त्याच्या जिवाचं पाणी झालं तरी सांगणार. ते म्हणाले, “उघडणार आहे. दिवाळी झाली की.”

“आमची? वरची?”

“तुमची. वरची. नवीन गुरुजी येणार आहेत. तोवर पाढे म्हणत राहा, हां?”

“सतरापरेंत येतात,” ती म्हणाली. आतून कोणीतरी हाक मारली. ती पोराला सावरत पळाली, आणि पळता पळता वळून ओरडली, “साहेब, मी सगळ्यांना सांगते!”

परतताना मी त्यांच्यावर तुटून पडले. “काय केलंत हे? कोण येणारय नवीन गुरुजी? पोरीला आशेला लावून ठेवलीत!”

साहेबांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, “खरं लिहिलं, तर शाळा गेली. खोटं लिहिलं, तर माझी अब्रू गेली. बाई, हे नुसतं तोंडी आहे. निदान हिला दोन दिवस बरे जातील.” आणि गाडी चालवताना त्यांचे खांदे हलत होते. मी मागे बसले होते, म्हणून मला दिसले.

दिवाळी आली आणि गेली. थंडीत एका सकाळी साहेब अंगणातच गेले. हृदयविकार म्हणाले. मी सोमीला कळवलं तेव्हा ती येईल असं वाटलं नव्हतं. पण दहाव्याला आली, दोन गाड्या बदलून, धुवट लुगडं नेसून. शिक्षकांपैकी मोजकेच होते. कोपऱ्यात बसून ती गळा काढून रडली. साहेबांच्या बायकोनं मला हळूच विचारलं, “या कोण?” मी सांगितलं, “पालक.”

निघताना आम्ही दोघी हमरस्त्यावर गाडीची वाट बघत उभ्या होतो. ट्रक जात होते, धुरळा उडत होता. मी विचारलं, “सानिकाला सांगितलंस, साहेब गेले म्हणून?”

“नाय.”

“का गं?”

सोमीनं पदरानं तोंड पुसलं. “कसं सांगू, बाई? ती मला वाडीवर जाऊन शाळा झाडून ये म्हनते. मी बोलले, अगं येडे, दिवाळी कवाची गेली, आता कुटली शाळा उगडतेय. तर माझ्यावरच खेकसली. म्हनली, आये, तुला काय म्हाईत! साहेब सोत्ता बोललेत. साहेब खोटं नाय बोलत.”